रात्री उजळणारे जाहिरातीचे झेंडे: कोकण किनाऱ्यावरच्या लोकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरी ते मालवण या पट्ट्यात लाइटवाले झेंडे डिझाईन करून देतो. होमस्टे, खानावळी, आंब्याचे स्टॉल, स्कुबावाले, जत्रेतली खाजाची दुकानं, सगळ्यांचे व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात आणि मी तीच उत्तरं रात्री अकरा वाजता एका अंगठ्याने टाईप करत बसतो, म्हणून यावेळी नीट बसून सगळं एका जागी लिहून काढलंय. ज्याला जे हवं ते वाचा, पण ऑर्डर द्यायच्या आधी वाऱ्याचं आणि अक्षरांचं उत्तर तरी वाचाच.

बोर्ड आहे ना आमचा, मग झेंडा कशाला?

बोर्ड जागचा हलत नाही, झेंडा हलतो. रात्री गाडी चालवणारा माणूस समोर रस्त्याकडे बघत असतो, बोर्ड असतो बाजूला, आणि डोळ्याच्या कडेने आपल्याला अक्षरं वाचता येत नाहीत पण हालचाल मात्र लगेच कळते. झेंड्याचं काम एवढंच की मान वळवायला लावायची. मान वळली की वाचायचं काम बोर्ड करेल. त्यामुळे बोर्डावरचं सगळं झेंड्यावर कोंबू नका, दोघांची कामं वेगळी आहेत.

जास्तीत जास्त ब्राइट करून द्या असं सांगितलं तर?

मी नाही म्हणतो, आणि का ते समजावून सांगतो. आपल्याकडे गावात रात्री खरोखरचा अंधार असतो. मुंबईत आजूबाजूला शंभर लाइटी असतात म्हणून तिकडे भांडून उजेड करावा लागतो, इथे तारकर्लीच्या आतल्या रस्त्याला नाहीतर गुहागरच्या बागांमधून जाताना दोन्ही बाजूला काळोख असतो, तिथे मीटरला पाच वॅटची पट्टीसुद्धा लांबून दिसते. काळोखाला सरावलेल्या डोळ्यावर एकदम भगभगीत पांढरा उजेड आला की झेंडा एक पांढरा ठिपका होतो, वर काय लिहिलंय ते दिसतच नाही. म्हणजे पैसे जास्त गेले, बॅटरी लवकर उतरली आणि वाचता काहीच आलं नाही. कोकणातला अंधार हा आपल्या झेंड्याचा फुकटचा काळा कॅनव्हास आहे, तो जपून वापरायचा, माझं सगळं डिझाईन या एका गोष्टीवर उभं आहे.

लाइट नक्की कुठून द्यायची? खालून, मागून का आतून?

तिन्ही चालतात पण सारखी नाहीत.

खालून स्पॉटलाइट मारणं सगळ्यात स्वस्त आणि सगळे आधी तेच करतात. जमिनीत एक फ्लडलाइट, तोंड वर. त्रास असा की झेंड्याचा खालचा दोन फूट भाग पांढराफटक आणि शेंड्याला अंधार, आणि वारा आला की कपडा बाजूला जातो आणि उजेड सरळ समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यात. एका वळणावर मी स्वतः लावलेला असा झेंडा दुसऱ्या दिवशी काढला, कारण संध्याकाळी तिथे उभा राहिलो तर येणारा प्रत्येक स्कूटरवाला हात कपाळाला लावत होता. खालून मारायचीच असेल तर लाइटचं तोंड रस्त्याकडे येणार नाही अशी तिरकी ठेवा, आणि वर पत्र्याची टोपी करा.

मागून म्हणजे काठीला एलईडी पट्टी चिकटवायची आणि तिचा उजेड कपड्यावर पसरू द्यायचा. हे बरं, पण काठीजवळ उजेडाची एक रेघ दिसते आणि दुसरी कड मंद राहते. अडीच फुटापेक्षा रुंद झेंड्याला हे पुरत नाही.

आतून म्हणजे आपला आकाशकंदील. कामट्यांचा सांगाडा, बाहेर कागद, आत दिवा, आणि दिवा स्वतः दिसत नाही, दिसतो तो उजळलेला कागद. झेंड्यालाही तसंच करता येतं, दोन कपडे एकमेकांना शिवून मध्ये चार-पाच इंचाची पोकळी ठेवायची आणि मधल्या काठीला दोन्ही बाजूंना तोंड करून पट्टी. उजेड आतल्या आत फिरून सारखा पसरतो, दोन्ही बाजूंनी अक्षरं सरळ वाचता येतात (एकेरी कपड्यावर मागून बघितलं की उलटी दिसतात), आणि कोणाच्या डोळ्यात दिवा खुपत नाही. शिलाई जास्त, वजन जास्त, वारा जास्त पकडतो हे खरं, पण खानावळ-होमस्टेच्या दारात उभा करायचा असेल तर मी हाच सांगतो.

अक्षरं किती मोठी हवीत?

साधा हिशोब लक्षात ठेवा, दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर असेल तर आरामात वाचता येतं, ताणून वाचायचं म्हटलं तर त्याच्या एक तृतीयांशावर पण निभतं. किनाऱ्यावर किंवा गल्लीत माणूस ७०-८० फुटांवरून बघतो, तिथे सात-आठ इंच झकास. पण मुंबई-गोवा हायवेवर गाडी ताशी ६० ने आली तरी एका सेकंदात १६-१७ मीटर पुढे जाते, ड्रायव्हरने वाचायचं, घरच्यांना विचारायचं, इंडिकेटर द्यायचा, याला सहा सेकंद धरले तर झेंडा १०० मीटरवरून वाचता आला पाहिजे. तिथे कमीत कमी ११ इंची अक्षर लागतं. अडीच फुटी झेंड्यावर ११ इंची अक्षरं बसतात किती? दोन, फार तर अडीच. म्हणून हायवेच्या झेंड्यावर एकच शब्द. मासे. चहा. जेवण. खोल्या. "घरगुती मालवणी पद्धतीचे शुद्ध शाकाहारी व मांसाहारी जेवण मिळेल" हे बोर्डावर लिहा, तिथे शोभतं.

मराठी अक्षरांचं वेगळं काही बघावं लागतं का?

हो, आणि या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो कारण बाहेरून तयार डिझाईन मागवणारे इथेच फसतात.

मागून उजेड आला की उजळ भाग फुगल्यासारखा दिसतो आणि बारीक फटी भरून जातात. इंग्रजी अक्षरांना त्याने फार फरक पडत नाही. आपल्याकडे ध आणि घ, भ आणि म यांच्यात फरक काय, तर शिरोरेषेतली एक फट आणि एक छोटासा वळसा. ती फट उजेडाने भरली की धाबा चा घाबा होतो आणि मासे-भात चा मासे-मात. मालवणजवळच्या एका काकींच्या खानावळीला दिलेल्या पहिल्या झेंड्यावर हेच झालं, दिवसा छान वाचता येत होतं, रात्री काकी रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "झेंडो बरो दिसता रे, पण वाचूक काय गावना नाय." त्या रात्रीपासून मी भ आणि ध ची फट फॉन्टमध्ये असते त्याच्या दुप्पट कापतो.

अनुस्वाराचंही तसंच, आंबा मधलं टिंब शिरोरेषेच्या उजेडात मिसळलं की राहतो आबा. टिंब दीडपट मोठं करा आणि जरा वर उचला. रफार आणि वेलांटीची वरची गाठ जाड फॉन्टमध्ये बुजते. काळोख्या रंगावर उजळ अक्षर असेल तर फॉन्ट मध्यम जाडीचा घ्या, उजळ रंगावर काळं अक्षर असेल तर जाड घ्या, हे उलट केलं की दोन्हीकडे बिघडतं.

आणि उभा शब्द लिहायचा असेल तर अक्षरागणिक तोडायचा, मा, ल, व, णी. काना किंवा वेलांटी एकटी खालच्या ओळीत गेलेले झेंडे मी पाहिलेत, असं कोणी करून दिलं तर घेऊच नका. जोडाक्षर पण तोडायचं नाही, "ष्ट" ते "ष्ट".

रंग कोणते चालतात?

सगळ्यांना लाल हवा असतो, आणि रात्री सगळ्यात आधी लालच मरतो. मंद उजेडात आपल्या डोळ्याला लाल रंग काळपट दिसायला लागतो आणि निळा-हिरवा त्या मानाने उजळ. गडद निळ्यावर लाल अक्षरं असतील तर रात्री निव्वळ गडद निळा झेंडा दिसतो. पिवळ्यावर काळं, गडद निळ्यावर पांढरं किंवा पिवळं, गडद हिरव्यावर पांढरं, हे कधी फसत नाहीत. लाल हवाच असेल तर तो मोठ्या सलग भागाला द्या, अक्षरांना नको.

दुसरं म्हणजे दिव्याची क्वालिटी. स्वस्त पांढऱ्या पट्टीत लाल रंग तपकिरी दिसतो, पिकलेला हापूस कुजका वाटतो, तळलेली सुरमई शिळी वाटते. पट्टी घेताना सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) विचारा, खाण्याच्या जाहिरातीला ९० च्या आसपास घ्या. आणि ३००० केल्विनची पिवळसर घ्या, ६५०० ची निळसर पांढरी दवाखान्याला ठीक आहे.

कपडा कुठला? फ्लेक्स नाही चालणार?

फ्लेक्स नको. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, जड, फडफडत नाही, घडीवर तडकतो आणि वाऱ्यात शिडासारखा उभा राहतो. विणलेलं पॉलिस्टर फ्लॅग क्लॉथ घ्या, साधारण ११० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन), त्यावर सब्लिमेशन प्रिंट, म्हणजे उष्णतेने शाई कपड्यात उतरवलेली छपाई. रंग धाग्यात मुरतो आणि कपड्यातून वाराही थोडा जातो. एकच खबरदारी, मागून उजेड पडणार आहे हे प्रिंटरला आधी सांगा, कारण नेहमीची शाई दिवसा भरगच्च आणि रात्री पुसट दिसते, उजेडाच्या झेंड्याला शाई जास्त सोडावी लागते. शिलाईचा दोरा पण पॉलिस्टरचाच, सुती दोरा खाऱ्या हवेत आणि उन्हात आधी तुटतो, आणि मोकळ्या कडेला दुहेरी दुमड घाला. झेंडा फाटायला नेहमी त्याच कडेच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात होते.

वाऱ्यात टिकेल का?

गणित साधं आहे आणि एकदा समजलं की कोणी तुम्हाला फसवू शकत नाही. वाऱ्याचा वेग मीटर-सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, म्हणजे एका चौरस मीटरवर किती न्यूटन दाब येतो ते कळतं, आणि दहाने भागलं की अंदाजे किलो. दहा फुटी, ताणलेल्या पिसासारख्या झेंड्याचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटर धरा. ताशी ४० किमीचा वारा असेल तर साधारण १५ किलोचा धक्का. ताशी ६० ला? दीडपट नाही, सव्वादोनपट, जवळजवळ ३४ किलो. वेग दुप्पट तर जोर चौपट, हे डोक्यात कोरून ठेवा.

आता हा धक्का झेंड्याच्या मध्यावर, म्हणजे पावणेदोन मीटर उंचीवर बसतो, आणि बुडाची चौकट मध्यापासून अर्धा मीटर पसरलेली असेल तर ४० च्या वाऱ्याला बुडाला पन्नासेक किलो वजन लागतं, सिमेंटची भरलेली एक गोणी समजा. ६० ला १२० किलो. एवढं वजन कोणी ठेवत नाही, त्यामुळे नियम एकच, वारा वाढायला लागला की झेंडा उतरवायचा. माझे सगळे झेंडे एका माणसाला दोन मिनिटात उतरवता येतील असेच असतात, पिन काढा, काठी उचला, आडवी करा.

सुक्या वाळूत नुसता खिळा ठोकून काही उपयोग नाही, वाळू सरकते. दोन फूट खड्डा करा, गोणीत वाळू भरून ती आडवी पुरा, काठीचं बूड तिला बांधा आणि वरून वाळू लोटून पाणी मारा. ओली दाबलेली वाळू चांगली धरते.

३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते ज्यांनी बघितलंय त्यांना वाऱ्याबद्दल मी काय सांगणार, पण वादळाला नावच असावं लागतं असं नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वळवाच्या वाऱ्यात होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. आपला झेंडा लहान आहे, पण त्याची काठी पोराच्या डोक्यात पडली तर ती लहान नाही. एप्रिलच्या शेवटापासून दुपारी ढग दाटले की झेंडा आडवा, गिऱ्हाईक असो नसो.

काठी फायबरची घेऊ की बांबू चालेल?

फायबर वाकते, परत सरळ होते आणि गंजत नाही, म्हणून पिसाच्या आकाराला तीच. सरळ आयताकृती झेंड्याला मात्र सिंधुदुर्गातला माणगा बांबू मला मनापासून आवडतो, तो आतून जवळजवळ भरीव असतो, काटे नसतात, सरळ वाढतो, आणि कुडाळकडे सहज मिळतो. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात ठेवून भुंग्यापासून वाचवा आणि वरून तेल किंवा वॉर्निश द्या. दिवसा पण तो दारात शोभतो, जांभ्या दगडाच्या कंपाउंडला बांबूच जातो. लोखंडी पाईप नका लावू, रंग कितीही द्या, दुसऱ्या सीझनला पापुद्रे सुटतात.

सगळं गंजतं हो. स्टीलचे स्क्रू घेतले तेही लाल झाले.

तुम्ही ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घेतलं असणार. समुद्रापासून थोड्या अंतरावर ते चालतं, पण किनाऱ्यावर ३१६ लागतं, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला दाद देत नाही. दोन्ही दिसायला सारखेच, म्हणून पावतीवर लिहून घ्या. ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलचा स्क्रू थेट बसवू नका, खाऱ्या ओलाव्यात दोन धातू चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि भोकाभोवती पांढरी पूड दिसायला लागते, मध्ये नायलॉनचा वॉशर घाला.

वायरचं तर विचारू नका. तांब्याची साधी वायर सोलून पिळलेली आणि वरून काळी टेप, हा जोड मी किनाऱ्यावर महिन्याभराने उघडून बघितलाय, टेपखाली आतली तार हिरवट काळी आणि बोटाने दाबली की तुटते. कथिलाचा मुलामा असलेली वायर घ्या, जोड सोल्डर करा, वर गोंदवाली हीट श्रिंक नळी, आणि कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस. पट्टी आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) वाली, सिलिकॉनच्या पूर्ण नळीतली, नुसता वरून थर दिलेली आयपी ६५ किनाऱ्यावर घेऊ नका. आणि आठवड्यातून एकदा झेंडा, काठी, पट्टी सगळं गोड्या पाण्याने धुवा. एवढी एक सवय सगळ्या महागड्या सामानापेक्षा जास्त टिकवते.

वीज कुठून? सोलरवर चालेल का?

मीटरला ४.८ वॅटची पट्टी, तीन मीटर, म्हणजे १४.४ वॅट. संध्याकाळी पाच तास चालवली तर ७२ वॅट-तास. लोक स्कूटरएवढी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणतात, कागदावर तिच्यात ८४ बसतात, पण लेड ॲसिड बॅटरी निम्म्याखाली रोज उतरवली की लवकर मरते, म्हणजे खरे मिळतात ४२ आणि तीन तासात अंधार. १२ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, दीडशे वॅट-तासांच्या आसपास मिळतात, दोन संध्याकाळी निघतात. तिला ४० वॅटचं पॅनल ऑक्टोबर ते मे पुरतं. जून-जुलैमध्ये सोलरवर विसंबू नका.

घरच्या विजेवर घ्यायचं तर अडॅप्टर घरात, छपराखाली, आणि बाहेर फक्त १२ व्होल्टची वायर. २३० व्होल्ट ओल्या वाळूत न्यायचेच नाहीत. लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच, इलेक्ट्रिशियन "कशाला" म्हणाला तरी. अडॅप्टर लोडपेक्षा पाव-एक जास्त ताकदीचा घ्या. आणि रस्त्याच्या खांबावर आकडा टाकायचा नाही, वीज कायद्याच्या १३५ कलमाखाली ती चोरी आहे, आणि पावसात त्या वायरीला गाय चिकटली तर ते पाप आयुष्यभर पुरतं.

झेंडा फिरतो तशी वायर पिळते आणि तुटते, काय करायचं?

बॅटरी काठीबरोबर फिरेल अशी बुडाच्या फिरत्या भागावरच बसवा, म्हणजे बाहेरून वायर येतच नाही. नाहीतर फिरणं पाऊण वळशावर अडवणारी पिन लावा. स्लिप रिंग (फिरतानाही वीज पोचवणारा जोड) पण मिळते, पण ती खाऱ्या हवेत किरकिर करते.

आमच्या किनाऱ्यावर कासवं येतात, लाइट लावली तर चालेल?

हा प्रश्न विचारलात त्याबद्दल आधी आभार. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी, आपल्या अशा कितीतरी किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात, आणि पिल्लाला एवढंच कळतं की जिकडे उजेड तिकडे समुद्र. काळोख्या रात्री समुद्राकडचं क्षितिज खरंच जास्त उजळ असतं. आपण माडाखाली पांढरा झेंडा लावला की पिल्लू उलटं आपल्याकडे चालायला लागतं आणि सकाळी कुत्र्या-कावळ्यांना सापडतं. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रच्या आणि गावच्या लोकांनी घरटी जपलीयत, ती मेहनत एका जाहिरातीसाठी वाया घालवायची नाही.

त्यामुळे किनाऱ्याकडे तोंड करून झेंडा नको, रस्त्याच्या बाजूला लावा. नोव्हेंबर ते मे समुद्राकडून तो दिसताच कामा नये. गावकीने परवानगी दिलेल्या जागी लावलाच तर खरा अंबर रंगाचा एलईडी, वॉर्म व्हाइट नाही, वॉर्म व्हाइटमध्ये पण निळा उजेड असतोच. उंची कमी, वर टोपी, आणि घरटं असल्याचं कासवमित्रांनी सांगितलं की पिल्लं बाहेर पडेपर्यंत पूर्ण बंद. अशा ठिकाणी मी समुद्रासमोरच्या झेंड्याची ऑर्डर घेत नाही.

जेट्टीजवळ हिरवे-लाल फ्लॅशिंग लावू का? छान दिसतात.

नको. बंदरात शिरताना डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा, या खुणेवर रात्री होड्या येतात. तुमचा झेंडा त्या रांगेत दिसला तर तांडेलाची चूक होऊ शकते. समुद्राकडून दिसणाऱ्या जागी लाल-हिरवा आणि उघडझाप दोन्ही टाळा. अजून एक, मच्छीमारांच्या गावात "एलईडी" म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते, कारण एलईडी लावून केलेल्या मासेमारीने पारंपरिक मच्छीमाराचं नुकसान झालंय आणि २०१७ पासून केंद्राची त्यावर बंदी आहे. तुमचा झेंडा वेगळा, पण शेजारच्या भाऊंना आधी जाऊन सांगा कसला आहे ते.

परवानगी लागते का?

स्वतःच्या अंगणात, कुंपणाच्या आत, सुटा झेंडा असेल तरी ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत एक अर्ज देऊन पोच घ्या. हायवेच्या संपादित जागेत काहीही रोवायचं नाही, ती हद्द गटारावर संपत नाही, मैलाच्या दगडासारखे हद्दीचे दगड असतात ते बघा. किनाऱ्यावर सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम आहेत, २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे गावात भरतीरेषेपासून २०० मीटर, दाट वस्तीच्या गावात ५० मीटर ना विकास क्षेत्र (जिथे नवं बांधकाम करता येत नाही), तिथे सिमेंटचा चौथरा ओतायचा विचारच नको. पुळणीवर झेंडा उभा करायचा तर मेरीटाईम बोर्ड आणि तहसील दोन्हीकडे विचारा.

२६ जानेवारीला तिरंग्याच्या रंगात आमचं नाव घालून लाइटवाला झेंडा होईल का?

नाही. ध्वजसंहितेत स्पष्ट आहे, राष्ट्रध्वजावर काही लिहायचं नाही, जाहिरातीत वापरायचा नाही, आणि त्याच्या काठीला जाहिरात बांधायची नाही. तिरंगा लावायचा तर तिरंगाच लावा, जुलै २०२२ पासून तो घरी रात्रीही फडकवता येतो. जाहिरातीचा झेंडा लांब, वेगळ्या काठीवर.

आंगणेवाडीच्या जत्रेला दुकान लावतो, तिथे कसा झेंडा?

जत्रेत सगळं उलटं. तिथे अंधार नसतो, चारी बाजूंनी फोकस असतो, त्यामुळे उजेडाने कोणाशी स्पर्धा होत नाही, उंचीने होते. बारीक आणि उंच घ्या, वर एकच चित्र, खाज्याची रास किंवा कळशी, दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं. घरचे लोक गर्दीत चुकले तर "त्या कळशीच्या झेंड्याखाली ये" असं सांगता आलं पाहिजे. जनरेटरवर व्होल्टेज नाचतं आणि अडॅप्टर उडतात, म्हणून जत्रेला बॅटरीच. दोन न्या.

मोबाईलच्या व्हिडिओत झेंड्यावर काळे पट्टे सरकतात.

स्वस्त ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) आहे, तो उजेड सेकंदाला शंभर वेळा चालू-बंद करतो, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. पर्यटक तुमच्या दारात रील काढणार, तीच खरी जाहिरात, म्हणून फ्लिकर नसलेला ड्रायव्हर घ्या. दुकानातच मोबाईल कॅमेरा लावून बघा, दहा सेकंदात कळतं.

किडे फार येतात.

पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या पांढऱ्या लाइटवर तुटून पडतात आणि सकाळी झेंड्याखाली पंखांचा सडा असतो. पिवळ्या-अंबर उजेडाला कमी येतात. टायमर लावा, जेवणाची वेळ संपली की साडेदहाला बंद.

प्रिंटरला फाइल कशी द्यायची?

खऱ्या मापात, १०० ते १५० डीपीआय, सीएमवायके मध्ये. काठीच्या खोळीला एका बाजूला चार-पाच इंच जास्तीचे सोडा आणि अक्षरं वळणाच्या कडेपासून आत ठेवा. मराठी मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, बदलूनच पाठवा, नाहीतर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलतो आणि "सुऱ्या" मधला अर्धा र कुठल्या कुठे जातो. बदलल्यावर एकदा मोठ्याने वाचून बघा, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या.

आणि पूर्ण झेंडा छापायच्या आधी एक फुटाचा तुकडा छापून मागा, ज्यात तुमच्या शब्दातलं सगळ्यात अवघड अक्षर आहे, भ, ध, किंवा टिंबवालं. तो तुकडा दिवेलागणीनंतर अंगणात दोरीवर टाका, मागे पट्टी धरायला पोराला उभं करा, आणि तुम्ही रस्त्यापलीकडे जा. तिथून वाचता आलं की मगच प्रिंटरला होकार कळवा.

पावसाळ्यात ठेवायचा कसा?

मेच्या शेवटी उतरवा, गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण सुकवा, घडी न घालता पीव्हीसी पाईपावर गुंडाळा आणि माळ्यावर ठेवा. बॅटरी अर्धी चार्ज करून घरात, आणि महिन्यातून एकदा बघा. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातात तेव्हा आपणही पट्टी लावून बघायची, जोड उघडायचे, हिरवट दिसला तर कापून नवा करायचा. गणपतीला चाकरमानी यायच्या आत एवढं झालं की झेंडा लगेच काठीवर चढवता येतो.